रविवारची हजेरी

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला वॉल्टर सरांचा फोन आला.

"अश्लेषा, चोर सापडलाय. फक्त पुरावा पाहिजे. तेवढा वायफायमधून काढून दे."

मी तेव्हा पापडी गावात एका वाडीत चिकूच्या झाडाला शिडी लावून उभी होते. खारीनं इंटरनेटची वायर कुरतडली होती आणि खालून घरमालक मला दर मिनिटाला "झालं का?" विचारत होते. वसईत घरोघरी इंटरनेट लावणं आणि बंद पडलं की दुरुस्त करणं हे माझं काम. दिवसाकाठी वीस माणसं मला एकच वाक्य ऐकवतात, "ताई, कनेक्टेड दाखवतंय, पण चालत नाही." चोराचा पुरावा मागणारे सर पहिलेच.

"कसली चोरी, सर?"

"कृष्णाबाईंची वही गेली."

मी शिडीवरून खाली उतरले. काही गोष्टी झाडावर उभं राहून ऐकता येत नाहीत.

कृष्णाबाई म्हणजे आमच्या भागातल्या धवलारीण, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत जो धवला गातात, तो साठ वर्षं त्यांनी गायला. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईनं सगळी गाणी स्वतःच्या अक्षरात एका जाड वहीत उतरवून ठेवली होती. दुसरी प्रत नाही. दोन महिन्यांपूर्वी ती वही त्यांनी होळी गावातल्या बावखल वाचनालयाला दिली. तेव्हापासून दर बुधवारी आजी वाचनालयात येऊन वहीतलं एकेक गाणं गायच्या आणि ग्रंथपाल संपदा तावडे ते रेकॉर्ड करून टाइप करायच्या. निम्मी वहीसुद्धा झाली नव्हती.

"शनिवारी संध्याकाळी वही कपाटात होती, मी स्वतः बघितली," सर सांगत होते. "सोमवारी सकाळी नाही. कुलूप शाबूत. चावी एकच, संपदाच्या पर्समध्ये. आणि हजेरीचं ॲप सांगतंय की रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन अडतीस ते चार एकवीस ती वाचनालयात होती. ती म्हणते, मी कळंबला समुद्रावर होते! आज सहाला कमिटीची मीटिंग आहे. तिला कामावरून काढायचं आणि तिथून थेट पोलीस स्टेशनला जायचं. त्याच्याआधी तुझा कागद दे."

फोन ठेवून मी शिडी आवरली. हजेरीचं ते ॲप वाचनालयाच्या वायफायवर चालतं. आणि ते वायफाय मीच लावलेलं आहे.

२

वॉल्टर सर निवृत्त गणिताचे मास्तर आणि वाचनालयाचे सेक्रेटरी. माणूस सरळ, पण एकदा उत्तर काढलं की पुन्हा आकडेमोड तपासायची नाही, हा त्यांचा स्वभाव. मला दारातच धरून त्यांनी मोबाइलवर ॲप दाखवलं.

"बघ गो बाय. फोन वाचनालयाच्या वायफायला जोडला गेला की 'हजर'. तुटला की 'गैरहजर'. यात माणसाचा हात लागत नाही, मग खोटं कसं बोलणार?"

ॲप त्यांच्या भाच्यानं बनवून दिलेलं. त्याची परीक्षा करायला मी आले नव्हते, पण ते नक्की काय तपासतं एवढं पाहून घेतलं. ते फक्त वायफायचं नाव बघत होतं. 'बावखल-वाचनालय' हे नाव दिसलं की हजेरी लावून मोकळं.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. बाहेर अभ्यासिका, आत ऑफिस. मागच्या खिडकीतून बावखल दिसतं. गोड्या पाण्याचं जुनं तळं, काठाला केळी. भिंतीवर माझा नवा राउटर मिणमिणत होता. जूनमध्ये जुना सारखा बंद पडायला लागला म्हणून हा बसवला. तेव्हा आळस म्हणा, दया म्हणा, मी नव्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड देऊन टाकला. नाहीतर पन्नास वाचकांच्या फोनमध्ये पुन्हा पासवर्ड घालत बसले असते. जुना डबा मी भंगारात काढला होता, तो टाकून द्यायची जबाबदारी वॉल्टर सरांनी घेतली होती.

ऑफिसात ते कपाट होतं. सागवानी, दोन पल्ल्यांचं, पितळी कडीचं.

"आमच्या घरचं हाय," मागून आवाज आला. शत्रुघ्नभाऊ, वाचनालयाचे अध्यक्ष आणि कृष्णाबाईंचे चिरंजीव. "घराचं काम काढलं तवा आईनंच दिलं. म्हनली, पुस्तकांना उपेगी पडंल." त्यांनी कपाटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "अश्लेषा, येक सांगतो. आईला यातलं काय कलू देऊ नको. या वयात तिला झेपायचं नाय. उद्याचा बुधवारपन मी रद्द केलाय. सांगितलं, संपदाबाईंना ताप आलाय."

"आणि आजी काय म्हणाल्या?"

"काय नाय. मान हालवली आनि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कालपासून झोपूनच हाय. तिला बरं वाटत नसंल."

अभ्यासिका रविवारी दिवसभर उघडी असते. पण त्या दुपारी क्रिकेटचा सामना होता, त्यामुळे आत एकच जण होता, स्पर्धा परीक्षा देणारा सिद्धेश. कानात इअरफोन आणि दाराकडे पाठ.

"रविवारी कोण आलं होतं?" मी विचारलं.

"बाहेरचं कोणीच नाही," तो म्हणाला. "मी सोमवारी सरांना पण सांगितलं. संपदा मॅम पण नव्हत्या दिसल्या."

"याच्यामागून हत्ती गेला तरी याला दिसायचा नाही," वॉल्टर सर म्हणाले.

मी राउटरच्या डब्याकडे बघितलं. या नव्या डब्याला एक चांगली खोड आहे. कोण कधी जोडलं, कधी तुटलं, ते तो महिनाभर लिहून ठेवतो. सरांना हवा असलेला कागद तिथूनच निघणार होता.

३

संपदाताई बावखलाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. ऑफिसात यायला त्यांना कालपासून मनाई होती. वय छत्तीस, राहायला नालासोपाऱ्यात, सोबत आई. रडून झालेलं होतं. आता त्या नुसत्या पाण्याकडे बघत होत्या.

"तूही तेच विचारणार," त्या म्हणाल्या. "एकटी कळंबला कशाला गेली होतीस? सगळ्यांनी विचारलं. वॉल्टर सरांनी दोनदा. बाईमाणूस समुद्रावर एकटं जाऊन बसूच शकत नाही का गं? आठवडाभर लोकांना पुस्तकं शोधून द्यायची, घरी आईचं करायचं. रविवारचा एक तास मी स्कूटर घेऊन जाते, शेंगा खाते आणि परत येते. साक्षीदार कुठून आणू?"

"तुम्ही पुण्याच्या संस्थेत अर्ज केलाय म्हणे."

"केला होता मागच्या वर्षी. म्हणून मी आजींची वही पळवून तिथं नजराणा द्यायला निघाले, असं सरांचं गणित आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण आजींनी ती वही माझ्या हातात देताना काय म्हटलं होतं माहितीय? 'ही माजी लेक. तुज्याकडं नांदायला धाडते.' आता त्यांना वाटेल की मीच…"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि कामाचं विचारलं.

"ताई, रविवारी फोन कुठं होता?"

"माझ्याजवळच. पण तिथं रेंज नसते. मी एका कॉटेजच्या कुंपणाला टेकून सुरूच्या सावलीत बसले होते. मध्येच एकदम धडाधड मेसेज आले, तेवढंच."

मी ते ऐकलं आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. वायफाय लावणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण खरं ते सांगते.

मी त्यांचा फोन घेतला. आजकालचे फोन आपला खरा नंबर राउटरला सांगत नाहीत. प्रत्येक वायफायसाठी एक बनावट नंबर तयार करतात, पण त्या एका नावाच्या वायफायला मग कायम तोच सांगतात. संपदाताईंच्या फोनमध्ये जाऊन मी 'बावखल-वाचनालय'साठीचा नंबर पाहिला. मग लॅपटॉप उघडून राउटरची यादी काढली. शनिवारी हा नंबर होता. नऊला जोडला, सहाला तुटला. सोमवारी होता.

रविवारी नव्हता. तीन अडतीसलाही नाही, दिवसभरात कधीच नाही.

मी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. रविवारी फक्त तीन उपकरणं जोडलेली होती. दोन सिद्धेशची, त्याचा फोन आणि लॅपटॉप. तिसरं कोणाचं होतं ते कळेना.

मी वॉल्टर सरांना हाक मारली. त्यांनी चष्मा सारखा करत यादी पाहिली.

"म्हणजे तिनं वायफाय बंद ठेवलं असणार," ते म्हणाले.

"बंद ठेवलं असतं तर तुमच्या ॲपनं हजेरी लावली नसती, सर. ॲप म्हणतंय फोन जोडला. डबा म्हणतोय जोडलाच नाही. दोघांतला एकच खरा असू शकतो."

"मग तुझा डबा खोटा."

"किंवा," मी म्हटलं, "दोघंही खरे आणि डबे दोन."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

४

फोन कसा वागतो हे समजायला अभियंता असावं लागत नाही. आपण घरातून निघतो तेव्हा फोन वायफायला शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि अगदीच ऐकू येईनासं झालं की सोडतो. मग सारखा आजूबाजूला कानोसा घेत राहतो, ओळखीचं नाव ऐकू येतंय का म्हणून. आलं की पासवर्ड सांगतो, आणि पासवर्ड जुळला की आपल्याला न विचारता आत जाऊन बसतो. डबा कोणता, गाव कोणतं, त्याला देणंघेणं नसतं. नाव तेच आणि पासवर्ड तोच, तर त्याच्या लेखी घर तेच. रेंज नसलेल्या किनाऱ्यावर ताईंना धडाधड मेसेज का आले असतील, ते मला आता कळलं.

संपदाताईंच्या स्कूटरवर मागे बसून मी कळंबला गेले. होळीपासून अर्ध्या तासाहून थोडं जास्त. किनाऱ्यावर मंगळवारची सामसूम होती. सुरूच्या बनाशेजारी दोन-चार कॉटेजेस, पुढं वाळत घातलेले बोंबील. ताईंनी एका निळ्या फाटकाच्या कुंपणाशी स्कूटर उभी केली.

"इथं बसले होते."

मी फोन हातात धरला. रेंजची एकही काडी नव्हती. मी कुंपणाला टेकून उभी राहिले आणि मोजायला लागले. दहा. पंधरा. वीस.

टिंग. टिंग. टिंग. टिंग.

चार गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकदम येऊन पडल्या. त्यातली एक होती, 'ताई, कनेक्टेड दाखवतंय पण चालत नाही.' मी ती वाचलीसुद्धा नाही. वरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं होतं. मी सेटिंग उघडून नाव पाहिलं आणि फोन संपदाताईंच्या समोर धरला.

'बावखल-वाचनालय. जोडलेले आहे.'

ताईंनी फोन हातात घेऊन ते नाव दोनदा वाचलं. "म्हणजे मी खरंच इथं होते," त्या म्हणाल्या. इतक्या जणांनी नाही म्हटल्यावर त्यांना स्वतःचीसुद्धा खात्री राहिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि माझेही डोळे भरून आले.

त्यांच्या फोनमधलं ॲप मात्र चोख होतं. 'मंगळवार, दुपारी २:०४. हजर.'

फाटकातून एक माणूस बाहेर आला. कॉटेजची देखभाल करणारा रॉकी. कसलं वायफाय म्हणून विचारल्यावर त्यानं खुशाल आत नेलं. टीव्हीच्या वर खिळ्याला एक काळा डबा टांगलेला होता. त्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली होती, 'वाचनालय. खराब. बदलायचा.' लाइन दुसऱ्याच कंपनीची होती, याचं मला जरा जास्तच वाईट वाटलं.

"हे कॉटेज कोणाचं?" मी विचारलं.

"साहेबांचं," रॉकी म्हणाला. "वॉल्टर सर. रविवारी सकाळीच येऊन हा डबा लावून गेले."

५

साडेतीनला आम्ही परत होळीला पोचलो. वॉल्टर सर ऑफिसात मीटिंगचा ठराव लिहीत बसले होते. मी खिशातून ती चिठ्ठी काढून त्यांच्या कागदावर ठेवली.

सरांनी पेन खाली ठेवलं.

"चालू होता गो बाय," ते हळूच म्हणाले. "थोडा अडखळायचा, पण चालू होता. चालू वस्तू भंगारात कशी टाकायची? नाव आणि पासवर्ड बदलायला मला येत नव्हतं, आणि तुला विचारलं असतं तर तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते."

"तू दुपारी दोन डबे म्हणालीस ना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती." ते उभे राहिले आणि संपदाताईंकडे वळले. "संपदा, मी ताळा करून बघितला नाही. माझं चुकलं."

ताईंनी मान हलवली. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता, आणि का ते मला कळत होतं. त्या तिथं नव्हत्या हे सिद्ध झालं. पण वही कुठंय? चावी तर त्यांच्याच पर्समध्ये. सहाच्या मीटिंगला कोणीतरी हेच विचारणार होतं.

"सर, तुमचा फोन द्या."

त्यांनी मुकाट्यानं दिला. मी त्याचा नंबर त्या तिसऱ्या अनोळखी नंबराशी ताडून पाहिला. जुळला नाही. सर सुटले, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. डबा पळवणं वेगळं आणि वही पळवणं वेगळं.

मग मी तो तिसरा नंबर धरून बसले. रविवारी तीन एक्केचाळीसला जोडला, चार सहाला तुटला. नाव कोरं. पण मघाशी घाईत मी फक्त रविवार बघितला होता. आता पूर्ण महिना उघडला आणि हा नंबर आणखी कुठं दिसतो ते शोधलं.

दिसला. चार वेळा. साडेदहाच्या सुमाराला जोडलेला, बाराच्या आत तुटलेला. आणि चारही वेळा वार एकच.

"संपदाताई," मी विचारलं, "फक्त बुधवारी कोण येतं इथं?"

त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"त्यांचा फोन मीच जोडून दिला होता," त्या म्हणाल्या. "नातवाचा व्हिडिओ कॉल येतो म्हणून."

बाहेरून सिद्धेशला बोलावलं. "रविवारी बाहेरचं कोणी आलं नाही म्हणालास. आणि आतलं?"

"आतलं म्हणजे… कृष्णाबाई आजी आल्या होत्या," तो म्हणाला. "पण त्या काय, येतातच ना? पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, 'बस बस, अभ्यास कर.'"

वॉल्टर सरांनी डोळे मिटून घेतले. "आणि हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं, सर?"

६

कृष्णाबाईंचं घर बावखलाच्या पलीकडच्या काठावर. शत्रुघ्नभाऊ ओसरीवर होते. आम्हा तिघांना एकदम पाहून ते धास्तावून उठले.

"आईला सांगू नका म्हनलो ना!"

"सांगत नाही," मी म्हटलं. "विचारते."

आजींच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कालपासून झोपलेल्या आजी पलंगावर ताठ बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर पाट, पाटावर जाड वही. हातात पेन्सिल. कंबरेला चाव्यांचा जुडगा आणि फोनची कापडी पिशवी. आम्हाला पाहून त्यांनी वही छातीशी धरली, लहान मुलीनं धरावी तशी.

"अजून झाली नाय," त्या म्हणाल्या. "बुधवारी आननार व्हते. बाय, तुना ताप ना? उठून कशाला आयलीस?"

संपदाताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"आये," शत्रुघ्नभाऊ वहीपुढं वाकले. "ही वही… तू कशी आनलीस?"

"कशी म्हंजे? चालत." आजींनी कंबरेचा जुडगा वाजवला. "माजी वही, माजं कपाट, माजी चावी. कपाट दिलं तवा येक चावी बायला दिली, येक माज्या कमरंला राह्यली. चाळीस वरीस हाय, कोन काडतो?"

"पण का, आजी?" मी विचारलं.

आजी जरा ओशाळल्या. वहीचं एक पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. "मागल्या बुधवारी हलदीचा धवला गायले ना, त्यात सगल्यांना आवतन द्यायचं असतं. देवाला, गावच्या येशीला, आंब्याला, विहिरीला. गाऊन भायेर पडले, पायरीवर बसले आनि समोर बघते तं काय, बावखल! त्यालाच बोलवलं नाय. मी मेली इसरले. वहीतपन लिवलं नव्हतं. सगल्या लग्नाचं पानी ज्याचं, तोच भायेर उभा. मना झोप लागंना. बायनं तसंच छापलं असतं तं मानसं म्हनली असती, कृष्णाबाईला धवला येत नव्हता."

"मग सांगायचं तरी, आये!"

"तू सांगू दिलं का? 'आये, पड जरा. आये, दगदग करू नको.' तुमा लोकांना वाटतं म्हातारी झोपते." त्यांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "पन तुमी सगली अशी का उभी? कोन गेलं काय?"

ज्यांची वही गेली म्हणून सगळं गाव हळहळत होतं, त्यांनाच कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सोमवारी सकाळी, चहा निवायच्या आत, सगळं मिटलं असतं.

"सांगते, आजी," संपदाताई म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "पण आधी ते बावखलाचं गाणं म्हणा."

आजींनी म्हटलं. आवाज पातळ झालाय, पण सूर पक्का. ओळी चारच होत्या. शत्रुघ्नभाऊ उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले.

७

सहाची मीटिंग झाली. आजींना सगळं कळलं होतं आणि त्या स्वतः काठी टेकत आल्या होत्या, त्यामुळे ती त्यांनीच चालवली असं म्हटलं तरी चालेल. वॉल्टर सरांनी आपला ठराव सगळ्यांसमोर फाडला आणि डब्याची गोष्टही स्वतःच्या तोंडानं सांगितली. मनात आणलं असतं तर ती त्यांना लपवता आली असती, म्हणून मी त्यांना माफ केलं. शत्रुघ्नभाऊंनी संपदाताईंना हात जोडले. ताईंनी ते हात खाली केले.

मग आजींनी जुडग्यातून एक पितळी चावी सोडवायला घेतली. गंजलेल्या कडीतून ती निघेना. कोणीतरी मदतीला सरसावलं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. चावी निघाल्यावर ती संपदाताईंच्या तळहातावर ठेवून त्यांनी वरून मूठ मिटली.

"लेक तुज्याकडं नांदायला धाडली," त्या म्हणाल्या, "आनि मीच मागच्या दारानं घेऊन आयले. माजं चुकलं गो. आता चावी तुजीच. मी आयले तं पुढच्या दारानं येन, तुना इचारून."

संपदाताईंनी ती मूठ तशीच छातीशी धरली. दोन दिवसांनी त्या पहिल्यांदा पूर्ण श्वास घेताना दिसल्या.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबला जाऊन जुन्या डब्याचं नाव बदलून आले. रॉकीनं चहा पाजला. वॉल्टर सरांनी माझ्या घरी सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, पाठवली, एवढी, की आठवडाभर पुरेल.

पापडीतल्या त्या चिकूच्या झाडाखाली मी परत उभी होते तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. घरमालक वरच्या खिडकीतून विचारत होते, "झालं का?" मी लॅपटॉप उघडून वाचनालयाच्या राउटरची यादी पाहिली. कामासाठी नव्हे, उगाच.

आठ अठ्ठावन्नला संपदाताईंचा फोन जोडला गेला होता. खाली सिद्धेश. मी थोडी थांबले. दहा चौतीसला आणखी एक ओळ उमटली, नाव कोरं असलेली.

त्या कोऱ्या जागेत मी 'आजी' असं टाइप केलं, आणि शिडी झाडाला लावली.